सी-व्हिजिल: शंभर मिनिटांत काय होतं आणि काय राहून जातं

आचारसंहितेचा भंग डोळ्यांसमोर होत असेल तर तक्रार करायची कुठे? या प्रश्नाला भारत निवडणूक आयोगाने दिलेलं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे सी-व्हिजिल अ‍ॅप. जुलै २०१८ मध्ये ते आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस छत्तीसगड, मध्य प्रदेश, राजस्थान, मिझोराम आणि तेलंगणच्या विधानसभा निवडणुकांत ते मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं आणि पुढे २०१९ व २०२४ च्या लोकसभेला देशभर. आयोगाने आता आपली चाळीसहून अधिक अ‍ॅप आणि संकेतस्थळं ‘ईसीआयनेट’ या एकाच ठिकाणी आणायला घेतली आहेत. २०२५ च्या बिहार विधानसभेपासून सी-व्हिजिल त्यातूनही उघडतं. पैसे पडत नाहीत, कागद लागत नाहीत.

थोडक्यात मत असं: बेकायदा फलक उतरवायला सामान्य माणसाच्या हाती याच्याइतकं कामाचं दुसरं साधन नाही. पैसेवाटप पकडायला ते तोकडं पडतं. आणि तक्रार ‘निकाली’ निघाली म्हणजे उमेदवाराच्या खर्चात रक्कम चढली, असा अर्थ होत नाही. त्याचा पाठपुरावा वेगळा करावा लागतो आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. हा लेख मुख्यतः त्या पुढच्या पायरीसाठी आहे.

आधी अ‍ॅप कसं चालतं ते. फोन नंबर टाकून ओटीपीने आत जायचं किंवा नाव न सांगता तक्रार करायचा पर्याय निवडायचा. कॅमेरा आणि लोकेशन या दोन्ही परवानग्या द्याव्याच लागतात. फोटो किंवा व्हिडिओ अ‍ॅपच्या कॅमेऱ्यातूनच, जागेवर उभं राहून घ्यावा लागतो. गॅलरीतला जुना फोटो चढवता येत नाही आणि इथे काढलेला फोटो गॅलरीत उतरतही नाही. व्हिडिओ जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. शूट केल्यापासून पाच मिनिटांत प्रकार निवडून, दोन ओळी लिहून तक्रार पाठवायची. वेळ टळली की पुन्हा पहिल्यापासून.

ही बंधनं जाचक वाटतात, पण याच बंधनांमुळे तक्रारीला वजन येतं. गेल्या निवडणुकीतला फलक आजचा म्हणून कुणी खपवू शकत नाही आणि जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप जोडले जात असल्याने ‘नेमकं कुठे?’ हा प्रश्न उरत नाही. गोची होते ती नेटवर्क नसलेल्या भागात. पाच मिनिटं व्हिडिओ चढण्यातच जातात. अशा ठिकाणी व्हिडिओच्या नादी न लागता फोटो काढावा, तो हलका असतो. दोन ओळींचं वर्णन आधी मनात ठरवून ठेवावं आणि मगच बटण दाबावं. इमारतीच्या आत किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये लोकेशन शंभर-दोनशे मीटर सहज सरकतं. दोन पावलं उघड्यावर येऊन, नकाशावरचा ठिपका स्थिर झाल्यावर कॅमेरा उघडलेला बरा. वर्णनात जवळची खूण लिहावी: ‘तहसील कार्यालयाच्या फाटकासमोर, विजेच्या खांबावर, दोन फलक.’ पथकातल्या माणसाला ठिपक्यापेक्षा ही ओळ जास्त उपयोगी पडते.

अ‍ॅप फक्त निवडणूक जाहीर झालेल्या राज्याच्या हद्दीत चालतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये गोव्यात विधानसभा होती, महाराष्ट्रात नव्हती. तेव्हा सीमेवर गोव्यातल्या पत्रादेवीच्या बाजूला उभं राहून तक्रार करता येत होती, महाराष्ट्रातल्या बांद्याच्या बाजूला नाही. २०२४ च्या लोकसभेला गोवा आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन्हीकडे ७ मे रोजीच मतदान होतं, त्यामुळे तेव्हा हा प्रश्न आला नाही. परदेशातून गावच्या फलकाबद्दल तक्रार करायची सोय अर्थातच नाही. गावातल्याच कुणाला तरी जागेवर पाठवावं लागतं.

आता ती प्रसिद्ध शंभर मिनिटं, म्हणजे तक्रार निकाली काढायची मुदत. त्यांची वाटणी ठरलेली आहे. पहिल्या पाच मिनिटांत जिल्हा नियंत्रण कक्षाने तक्रार बघून जवळच्या पथकाकडे द्यायची. पुढच्या पंधरा मिनिटांत पथकाने जागेवर पोचायचं. तीस मिनिटांत शहानिशा आणि लागेल ती कारवाई करून अहवाल चढवायचा. उरलेली पन्नास मिनिटं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची: तक्रार खरी की खोटी, पुढे काय, हे त्याने ठरवायचं. नाव-नंबर देऊन तक्रार केली असेल तर एक क्रमांक मिळतो आणि त्यावर प्रत्येक टप्पा दिसतो. निनावी तक्रारीला हा मागोवा नाही. म्हणून फलक, भोंगे, विनापरवाना गाड्या अशा तक्रारी नंबर देऊन कराव्यात आणि पैसे, दारू, धमकी यांच्या निनावी. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे मागोव्यापेक्षा आपली सुरक्षितता मोठी.

पंधरा मिनिटांत पथक पोचणं शहरात जमतं, कारण प्रत्येक विधानसभा मतदारसंघात किमान तीन भरारी पथकं असतात आणि त्यांच्या गाड्यांना जीपीएस असतं. पथकाचा प्रमुख कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेला अधिकारी, सोबत पोलीस अधिकारी, व्हिडिओग्राफर आणि तीन-चार सशस्त्र पोलीस. पण अहेरी मतदारसंघ घ्या. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली एवढा पसारा त्यात येतो. किंवा अक्कलकुवा, ज्यात धडगावचे सातपुड्यातले पाडे आहेत. तीन काय, सहा पथकं दिली तरी तिथे पंधरा मिनिटं ही कागदावरचीच वेळ राहणार. या भागात अ‍ॅपवर तक्रार टाकून लगेच १९५० या मतदार मदत क्रमांकावर किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाला फोनही करावा. आगाऊ कळलं तर जवळचं स्थिर सर्वेक्षण पथक (नाक्यावर थांबून गाड्या तपासणारं) किंवा पोलीस ठाणं आधी हलवता येतं.

तक्रार वगळण्याचा अधिकार नियंत्रण कक्षाला आहे, आणि वगळलेल्या तक्रारींमागची बरीच कारणं टाळता येण्याजोगी असतात. सगळ्यात मोठं कारण म्हणजे घाई. निवडणूक जाहीर झाल्यावर सरकारी इमारतींवरचा राजकीय मजकूर उतरवायला २४ तास दिलेले असतात, बसस्थानक, रेल्वे स्थानक, पूल, रस्ते अशा सार्वजनिक जागांसाठी ४८ तास आणि खासगी मालमत्तेवरच्या अनधिकृत मजकुरासाठी ७२ तास. घोषणेच्या संध्याकाळीच एसटी स्टँडवरच्या फलकाचा फोटो टाकला तर ती तक्रार मुदतीत बसत नाही. दुसरं कारण परवानगी. प्रचाराच्या गाडीचा मूळ परवाना समोरच्या काचेवर लावलेला असतो. तो बघितल्याशिवाय ‘विनापरवाना गाडी’ अशी तक्रार केली की पथकाचा फेरा फुकट जातो. खासगी घरावरच्या फलकाला मालकाची लेखी संमती असू शकते. तिसरं कारण चुकीचा प्रकार निवडणं. मतदार यादीत नाव नाही, ओळखपत्र आलं नाही, केंद्रावर रॅम्प नाही, या तक्रारी इथल्या नाहीत. त्यासाठी १९५० आणि आयोगाची तक्रार निवारण सेवा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर किंवा वर्तमानपत्रातली पैसे देऊन छापून आणलेली बातमी, हेही अ‍ॅपच्या आवाक्याबाहेरचंच समजा. पेड न्यूज असा प्रकार यादीत आहे खरा, पण कात्रणाचा फोटो बघून भरारी पथकाने जायचं कुठे? ते थेट जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे लेखी द्यावं, वर्तमानपत्राचा अंक, तारीख आणि पान क्रमांकासह. तिथली घड्याळं वेगळी आहेत: संशयित पेड न्यूजबद्दल उमेदवाराला ९६ तासांच्या आत नोटीस जायला हवी आणि त्याने ४८ तासांत उत्तर द्यायला हवं. अंक जुना करून तक्रार नेली तर ही साखळी ढिली पडते.

आता मुख्य विषय, फलक. २०२४ च्या लोकसभेची घोषणा १६ मार्चला झाली आणि पहिल्या दोन आठवड्यांतच सी-व्हिजिलवर ७९ हजारांवर तक्रारी आल्या. आयोगाने तेव्हा दिलेल्या आकड्यांनुसार ९९ टक्के निकाली निघाल्या, त्यातल्या जवळपास ८९ टक्के शंभर मिनिटांच्या आत. यातल्या ५८,५०० हून जास्त, म्हणजे ७३ टक्के, केवळ बेकायदा फलक आणि बॅनरच्या होत्या. पैसे, भेटवस्तू आणि दारू यांच्या सगळ्या मिळून १,४०० च्या थोड्या वर. शस्त्र दाखवणं आणि धमकावणं याच्या ५३५. म्हणजे हे अ‍ॅप प्रत्यक्षात मुख्यतः फलकांचं अ‍ॅप आहे, आणि ते काम ते चोख करतं.

पण फलक उतरला की तक्रार निकाली, इथेच पाणी मुरतं. आपल्याकडचा एखादा फ्लेक्स नीट वाचा. वर पक्षाचं चिन्ह, मधोमध उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, बाजूला नेत्यांचे गोल फोटो, आणि तळाशी ‘शुभेच्छुक: अमुक मित्रमंडळ’ किंवा ‘समस्त ग्रामस्थ’. खालच्या कोपऱ्यात मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. बऱ्याचदा तो नसतो, किंवा दोराने बांधताना दुमडलेल्या भागात गेलेला असतो. तो कोपरा स्पष्ट दिसेल असा फोटो घ्या. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२७ अ नुसार हा तपशील छापणं बंधनकारक आहे. भंगाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फलक परवानगीच्या जागेवर असला तरी हे कलम लागू होतं. वर्णनात ‘मुद्रक-प्रकाशकाचं नाव नाही’ असं सरळ लिहिलं तर तक्रार केवळ ‘फलक हटवला’ एवढ्यावर मिटवता येत नाही.

मित्रमंडळाच्या फलकाला दोनच वाटा आहेत. उमेदवाराच्या संमतीने लावला असेल तर खर्च उमेदवाराचा. संमतीशिवाय लावला असेल तर लावणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली बेकायदा खर्चाचा गुन्हा. जुन्या दंडसंहितेत यासाठी ५०० रुपये दंड होता, आता तो १० हजारांपर्यंत आहे. ‘कार्यकर्त्यांनी उत्साहात लावला, आम्हाला माहीत नाही’ हे उत्तर दोन्ही वाटा बंद करू शकत नाही, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून नोटीस गेली की उमेदवाराला एक वाट निवडावीच लागते. फलकावर उमेदवाराचं नाव किंवा फोटो नसून फक्त पक्ष आणि नेते असतील तर तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचारखर्च धरला जातो. म्हणून फोटोत उमेदवाराचं नाव कापलं जाता कामा नये. फलकाची साधारण लांबी-रुंदीही वर्णनात लिहावी, कारण खर्च चौरस फुटांवर धरला जातो. जिल्हा निवडणूक अधिकारी पक्षांशी चर्चा करून दरपत्रक ठरवतात. वडापाव आणि चहाचे दर बातमीत येतात ते याच दरपत्रकातले. फ्लेक्स, मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, गाड्या या सगळ्यांचे दर त्यात असतात.

खर्चाची मर्यादा २०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख आहे, गोव्यात अनुक्रमे ७५ आणि २८ लाख. दोनशे फलक उतरवून प्रत्येकाची ‘निकाली’ अशी नोंद झाली आणि एकाचाही खर्च धरला गेला नाही, तर उमेदवाराला प्रचार फुकट मिळाला. फलक दोन दिवस चौकात होताच की!

पैशांकडे वळू. या तक्रारींचा आकडा लहान दिसतो तो प्रकार कमी होतात म्हणून नव्हे. २०२४ मध्ये पहिल्या टप्प्याचं मतदान होण्याआधीच रोकड, दारू, अमली पदार्थ, भेटवस्तू मिळून ४,६५० कोटी रुपयांची जप्ती झाली होती. २०१९ च्या संपूर्ण निवडणुकीत ती ३,४७५ कोटी होती. ही जप्ती नाकाबंदी, प्राप्तिकर, उत्पादन शुल्क आणि पोलिसांची. घरात बसून मतदार यादीवर खुणा करत पाकिटं वाटली जातात तिथे कॅमेरा रोखून दोन मिनिटं उभं राहणं कुणालाही शक्य नाही, आणि कुणी तसं करूही नये. इथे अ‍ॅपपेक्षा माहिती मोलाची: गाडीचा क्रमांक, ती कोणत्या दिशेने निघाली, किती माणसं, कोणत्या घरात. ही १९५० वर, जिल्हा नियंत्रण कक्षाला किंवा अंगावर बेतणार असेल तर थेट ११२ वर द्यावी. रोख रकमेऐवजी कूपन वाटली जात असतील तर ते कूपनच पुरावा आहे. ते नीट ठेवून त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो अ‍ॅपमधून काढावा. तो जागेवरच काढायचा, घरी नेऊन नाही, म्हणजे लोकेशन जुळतं.

एक गैरसमज जाता जाता दूर करायला हवा. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता असलेल्या किंवा प्रचारसाहित्य नेणाऱ्या गाडीत ५० हजारांवर रोकड, किंवा मतदारांना वाटण्यासाठी म्हणून वाटणाऱ्या १० हजारांवरच्या वस्तू सापडल्या तर त्या जप्त होतात. बाजारसमितीतून मालविक्रीची पट्टी (पावती) घेऊन निघालेल्या शेतकऱ्याची रोकड हा आचारसंहितेचा भंग नव्हे. त्याच्याविरुद्ध तक्रार टाकून त्याला त्रास देऊ नये. चुकून जप्ती झालीच तर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, खर्च संनियंत्रणाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी यांच्या समितीकडे दाद मागता येते. शेतकऱ्याने पट्टी सोबत ठेवली तर तिथे काम सोपं होतं.

मतदानाच्या दिवशी अ‍ॅपचा उपयोग केंद्राबाहेरच. शंभर मीटरच्या आत प्रचार करायला बंदी आहे, पक्षांचे बूथही शंभर मीटरपलीकडे हवेत (२०२५ पर्यंत ही हद्द दोनशे मीटर होती), मतदारांना भाड्याच्या गाड्यांतून आणणं हा गुन्हा आहे. हे तिन्ही बाहेरून टिपता येतं. गाडीचा व्हिडिओ घेताना क्रमांकापासून सुरुवात करून कॅमेरा उतरणाऱ्या माणसांकडे न्यावा. आत फोन नेता येत नाही, तेव्हा आतली तक्रार केंद्राध्यक्ष किंवा क्षेत्रीय अधिकाऱ्याकडे तोंडी आणि लेखी करावी. आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका (अशाच मतदारासाठीची वेगळी मतपत्रिका) मागा, तो हक्क आहे.

आणि महाराष्ट्रात हमखास होणारा घोळ: महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ती वेगळी घटनात्मक संस्था आहे. सी-व्हिजिल भारत निवडणूक आयोगाचं, म्हणजे लोकसभा आणि विधानसभेचं. पालिकेच्या प्रचारात ते उघडून ‘चालत नाही’ म्हणून वैतागू नये. तिथे त्या-त्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा राज्य आयोगाकडे तक्रार करावी लागते.

आता ती राहून गेलेली पायरी. भरारी पथकाचा आणि व्हिडिओ पथकाचा पुरावा लेखा पथकाकडे जातो आणि प्रत्येक उमेदवारासाठी एक छाया निरीक्षण नोंदवही, म्हणजे त्याच्या खर्चाची निवडणूक यंत्रणेने स्वतः ठेवलेली नोंद, भरली जाते. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षक उमेदवाराची नोंदवही किमान तीनदा तपासतात आणि या छाया नोंदवहीशी ताडून बघतात. तपासणीच्या तारखा जाहीर असतात, आणि नागरिकाला उमेदवाराच्या नोंदवहीची प्रत पानाला एक रुपया देऊन मिळते. सी-व्हिजिलचा तक्रार क्रमांक, तारीख आणि जागा कागदावर उतरवून तपासणीच्या आधी खर्च निरीक्षकांना एक अर्ज द्या: ‘या क्रमांकाच्या तक्रारीतला फलक उतरवला गेला आहे, त्याचा खर्च छाया नोंदवहीत घेतला आहे का, नसल्यास घ्यावा.’ अर्जाची पोच घ्या. वीस तक्रारी असतील तर वीस अर्ज नकोत, एकच तक्ता जोडा: क्रमांक, दिवस, जागा, मजकूर, अंदाजे आकार. निरीक्षकाला एका नजरेत ताडता येतं आणि उमेदवाराला नोटीस काढायला आधार मिळतो.

निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराने, हरलेल्यानेही, अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करायचा असतो. तो हिशेब बघायला निवडणूक संचालन नियमांनुसार शुल्क आहे एक रुपया. प्रमाणित प्रतही मागता येते. निकालाला न्यायालयात आव्हान देणाऱ्या निवडणूक याचिकेची मुदत मात्र निकालापासून ४५ दिवसांचीच आहे. हिशेब तिसाव्या दिवशी आला तर हाती उरतात पंधरा दिवस. म्हणून तक्रार क्रमांकांचा तो तक्ता निकालाच्या दिवशी फेकून देऊ नका. एकतिसाव्या दिवशी निवडणूक शाखेत जाताना तोच सोबत न्यायचा आहे.